दहा हजारांखालची कार्ट्रिज रेकॉर्ड खाते, हे खरं नाही

जुन्या रेकॉर्डच्या शौकिनांत एक संदेश जोरात फिरतोय. त्यातलं म्हणणं असं: दहा हजार रुपयांखालची कार्ट्रिज, म्हणजे प्लेअरच्या दांड्याच्या टोकाला बसणारी सुईची डबी, रेकॉर्डची नासाडी करते, गोल टोकाची सुई म्हणजे खेळणं, सुईचं रेकॉर्डवर पडणारं वजन जितकं कमी ठेवाल तितकी रेकॉर्ड सुरक्षित, आणि मुंबई-पुण्याचा जाणकार नसेल तर या भानगडीत पडूच नका. आर्वी, दारव्हा, दर्यापूरकडचा माणूस हे वाचतो आणि आजोबांच्या रेकॉर्डची पेटी परत माळ्यावर टाकतो. मला याचा राग येतो, कारण यातली बहुतेक विधानं चूक आहेत.

आधी किमतीचं. रेकॉर्ड झिजते ती झिजलेल्या टोकामुळे, चुकीच्या वजनामुळे आणि खाचेतल्या धुळीमुळे. ऑडिओ-टेक्निकाची एटी३६००एल ही बाजारातल्या सर्वांत स्वस्त मॅग्नेटिक, म्हणजे चुंबकावर चालणाऱ्या, कार्ट्रिजपैकी एक, पण तिच्याही टोकाला हिराच असतो. तिचं ठरलेलं वजन २.५ ते ३.५ ग्रॅम. त्याच कंपनीच्या व्हीएम९५ मालिकेतल्या साध्या कार्ट्रिज २ ग्रॅमवर चालतात, ऑर्टोफॉनची २एम रेड १.८ ग्रॅमवर. यातली कुठलीही नीट बसवलेली असेल आणि सुई वेळेवर बदलली, तर रेकॉर्डला धोका नाही. उलट दहा वर्षं न बदललेली महागडी सुई खाच खरवडून काढते.

संदेशात एक गोष्ट अर्धी खरी आहे. बॅगेसारख्या बंद होणाऱ्या छोट्या प्लेअरमधली सिरॅमिक कार्ट्रिज साधारण ५-६ ग्रॅमनं दाबते आणि तिची सुई लवचीक नसते. तिच्यावर आवडीची रेकॉर्ड रोज लावू नये. पण तो दोष तिच्या जातीचा आहे, किमतीचा नाही. अशा प्लेअरवर मॅग्नेटिक कार्ट्रिज चढवायलाही जाऊ नका. तिचा सिग्नल जेमतेम ३ ते ५ मिलिव्होल्ट असतो, त्याला फोनो प्रीअँप, म्हणजे सिग्नल वाढवणारी पेटी, लागतो, आणि तो दांडा इतक्या नाजूक वजनासाठी केलेलाच नसतो.

आता गोल टोक. डेनॉनची डीएल-१०३ ही १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला जपानच्या प्रसारण संस्थेसाठी घडवलेली कार्ट्रिज. तिचं टोक गोलच आहे, ती २.५ ग्रॅमवर चालते आणि जगभर आजही मानानं वापरली जाते. लंबगोल टोक रेकॉर्डच्या शेवटच्या गाण्यांत सरस ठरतं हे मान्य, कारण तिथे खाचेचा वेग बाहेरच्या कडेच्या निम्म्याहून कमी होतो आणि गोल टोक बारीक वळणं सोडतं. पण आपल्याकडच्या पेट्यांत काय असतं ते पाहा. बिछायत केंद्रावाल्यांकडून आलेल्या, लग्नात भोंग्यावर वाजवून वाजवून घासलेल्या रेकॉर्ड. त्यांच्यावर गोल टोक खरखर कमी उचलतं, आणि कार्ट्रिज बसवताना थोडी चूक झाली तरी सांभाळून घेतं. शिवाय ऑडिओ-टेक्निकाच्याच हिशेबानं गोल टोक सुमारे ५०० तास चालतं, लंबगोल सुमारे ३००. एक एलपी ४० मिनिटांची धरली, तर गोल टोकावर ७५० एलपी होतात. म्हणून मी गोल टोकाची व्हीएम९५सी सुचवतो. कान सरावले, पैसे जमले, की त्याच बॉडीवर लंबगोल सुई ओढून बसवता येते. कार्ट्रिज पुन्हा घ्यावी लागत नाही.

वजनाचा सल्ला तर सर्वांत घातक. रिकामी बैलगाडी चाकोरीत उड्या मारते, तशी हलकी सुई खाचेत आदळत चालते आणि त्यानंच भिंती फुटतात. कंपनीनं दिलेल्या मर्यादेतच राहा, किंचित वरच्या बाजूला.

बसवायला जाणकार लागतो, हेही पटत नाही. दोन स्क्रू, मधलं अंतर अर्धा इंच. चार तारा, पांढरी-निळी डावीकडच्या आवाजाची, लाल-हिरवी उजवीकडची. कार्ट्रिज सरळ बसली का ते पाहायचा आखणीचा कागद तालुक्याच्या झेरॉक्सवाल्याकडे छापून घ्या, फक्त त्याला सांगा की पानाच्या मापात बसवू नको, शंभर टक्के आकारात काढ; मग पट्टीनं मोजून खात्री करा. वजनाला छोटा डिजिटल काटा पुरतो. पण त्याचं ताट लोखंडी नको, कार्ट्रिजमधला चुंबक ते ओढतो आणि आकडा खोटा येतो. सुई रेकॉर्डच्या उंचीवर असतानाच मोजावं.

संदेशात ज्याचा उल्लेखच नाही, ते आपल्याकडे जास्त महत्त्वाचं आहे. जिनिंगच्या हंगामात कापसाचा तंतू हवेत असतो आणि सुईभोवती गोळा होतो. प्रत्येक बाजूआधी रेकॉर्डवरून कार्बन ब्रश फिरवा, आणि सुई मागून पुढे, म्हणजे दांड्याकडून टोकाकडे, हलक्या ब्रशनं झाडा. दुसरं, दुकानात वीस-तीस वर्षं पडून राहिलेली ‘न वापरलेली’ कार्ट्रिज कितीही स्वस्त मिळो, घेऊ नका. सुईला झेलणारं आतलं रबर वयानं कडक होतं आणि आपला ४५ अंशांचा उन्हाळा ते लवकर करतो.

आणि पेटीत लाखेच्या ७८ च्या, म्हणजे मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या, तबकड्या असतील तर त्यांना एलपीची सुई लावू नका. एलपीचं टोक साधारण ०.७ मिल (मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग), ७८ ची खाच मागते ३ मिल. बारीक टोक तळाशी घासत फक्त घाण उचलतं. व्हीएम९५च्या बॉडीवरच बसणारी एसपी सुई त्यासाठीच मिळते, मात्र टर्नटेबलला ७८ चा वेग हवा. त्या तबकड्या पुसायला स्पिरिट वापरू नका, लाख विरघळते.