रनिंग मेट निवडताना उमेदवाराला कसली धास्ती असते?

अमेरिकेत अध्यक्षपदाच्या उमेदवाराने उपाध्यक्षपदासाठी नाव जाहीर केलं, की आपल्याकडचे राजकारणाचे शौकीन आधी नकाशा उघडतात. हा कुठल्या राज्याचा, तिथे इलेक्टोरल मतं (प्रत्येक राज्याच्या वाट्याची, अध्यक्ष ठरवणारी मतं) किती, कुठला समाज खूश, कोण नाराज. साहजिक आहे. मंत्रिमंडळात विदर्भाला किती आणि मराठवाड्याला किती, हे मोजतच आपण मोठे झालो. पण माझं स्पष्ट मत आहे की या हिशेबाने रनिंग मेटची, म्हणजे उपाध्यक्षपदाच्या उमेदवाराची, निवड उलगडत नाही. उमेदवाराला कसली धास्ती आहे ते बघा. निवड बहुतेक वेळा तिथूनच होते.

राज्याच्या हिशेबाची ही समजूत आली १९६० मधून. मॅसॅच्युसेट्सचे केनेडी, कॅथलिक, ईशान्येचे. त्यांनी टेक्ससच्या लिंडन जॉन्सनना घेतलं. लॉस एंजेलिसच्या अधिवेशनात धाकटे बंधू रॉबर्ट केनेडी जॉन्सनच्या खोलीत जाऊन ‘तुम्ही माघार घ्या’ म्हणून मनधरणी करून आले, तरी नाव टिकलं. टेक्सस जेमतेम ४६ हजार मतांनी मिळालं. तेव्हापासून प्रत्येक निवडणुकीत कुणीतरी ‘नवा जॉन्सन’ शोधत असतो.

तो सापडत मात्र नाही. १९८८ मध्ये डुकाकिसनी टेक्ससचेच लॉइड बेंटसन घेतले. वादविवादात त्यांनी समोरचे उपाध्यक्षपदाचे उमेदवार डॅन क्वेलना ‘तुम्ही काही जॅक केनेडी नाही’ असं सुनावलं, ते आजही लोकांना आठवतं. टेक्सस मात्र हातचं गेलं. २००४ मध्ये जॉन एडवर्ड्स असूनही नॉर्थ कॅरोलायना गेलं, २०१२ मध्ये पॉल रायन असूनही विस्कॉन्सिन गेलं. उलट १९९२ मध्ये बिल क्लिंटननी आपल्याच वयाचा, आपल्यासारखाच दक्षिणेतला, शेजारच्या राज्यातला अल गोर घेतला आणि निवडणूक जिंकली. समतोलाचे सगळे नियम पार धाब्यावर.

२०२४ मध्ये कमला हॅरिस हरल्यावर ‘हॅरिसनी पेनसिल्व्हेनियाचे गव्हर्नर जॉश शापिरोंना घ्यायला हवं होतं’ हे मी इतक्या लोकांकडून ऐकलं की कंटाळा आला. पेनसिल्व्हेनियाची इलेक्टोरल मतं १९. हॅरिसना मिळाली २२६. बेरीज करा, २४५. जिंकायला लागतात २७०. सातच्या सात चुरशीची राज्यं हातची गेलेली असताना एका गव्हर्नरवर खापर फोडायचं किंवा सगळी आशा ठेवायची, याला काय अर्थ आहे?

आता धास्तीचं बघा. ओबामा नवखे, परराष्ट्र धोरणाचा अनुभव कमी. सिनेटमध्ये पस्तीस वर्षं काढलेले बायडन आले. धाकटे बुश टेक्ससच्या गव्हर्नरपदावरून थेट आलेले. ज्या डिक चेनींना नावं शोधायला बसवलं होतं, तेच शेवटी उमेदवार झाले. (अध्यक्ष आणि उपाध्यक्ष दोघंही एकाच राज्याचे असतील तर त्या राज्याच्या इलेक्टर्सना (इलेक्टोरल मतं टाकणाऱ्या प्रतिनिधींना) दोघांनाही मत देता येत नाही. चेनी तेव्हा टेक्ससमध्ये राहत होते. घाईघाईने मतदार नोंदणी वायोमिंगला हलवली.) २०१६ मध्ये ट्रम्पना धास्ती होती की इव्हँजेलिकल (धर्मनिष्ठ प्रॉटेस्टंट ख्रिस्ती) मतदार आपल्याला आपला मानतील का, म्हणून माइक पेन्स. ६ जानेवारी २०२१ ला पेन्सनी २०२० च्या निवडणुकीचा निकाल उलटवायला नकार दिल्यावर धास्ती बदलली. २०२४ ला जे. डी. व्हान्स निवडले गेले ते ओहायोसाठी नव्हे, ओहायो तसंही खिशात होतं. आपण पेन्सच्या जागी असतो तर वेगळं वागलो असतो, असं व्हान्स आधीच जाहीरपणे सांगून बसले होते.

आणि पिछाडीवरचा उमेदवार असला की धास्तीची जागा उतावीळपणा घेतो. २००८ मध्ये रिपब्लिकन पक्षाचे उमेदवार मॅककेनना मनातून हवे होते जो लिबरमन, म्हणजे २००० मधले डेमोक्रॅटिक पक्षाचे उपाध्यक्षपदाचे उमेदवार. पक्ष फुटेल म्हणून सल्लागारांनी अडवलं. मग शेवटच्या काही दिवसांत अलास्काच्या सारा पेलिन पुढे आल्या, गव्हर्नरपदी दोन वर्षंही न झालेल्या. नाव जाहीर झालं २९ ऑगस्ट २००८ ला. त्या दिवशी मॅककेनचा बहात्तरावा वाढदिवस होता, आणि त्यांना कर्करोग होऊन गेलेला होता.

माझी खरी तक्रार इथे आहे. उपाध्यक्षाचं मुख्य काम एकच: अध्यक्षाला काही झालं तर त्या क्षणी खुर्चीत बसणं. आपल्याकडे ३ मे १९६९ ला झाकिर हुसेन गेले, तेव्हा व्ही. व्ही. गिरी हंगामी राष्ट्रपती झाले आणि मग रीतसर निवडणूक झाली. महाराष्ट्रात उपमुख्यमंत्री हे पद तर राज्यघटनेत नावालाही नाही. अमेरिकेत तसं नाही, उरलेली पूर्ण मुदत त्याचीच. आतापर्यंत नऊ जण असे मधेच अध्यक्ष झाले. १९४४ मध्ये रूझवेल्टची तब्येत खालावलीये हे पक्षातल्या वजनदार मंडळींना दिसत होतं, म्हणून त्यांनी तेव्हाचे उपाध्यक्ष हेन्री वॉलेसना बाजूला करून ट्रुमनना आणलं. एवढा विचार करून आणलेल्या माणसाला उपाध्यक्षपदाचे ८२ दिवस मिळाले, आणि अणुबॉम्बची खरी माहिती त्याला अध्यक्ष झाल्यावर दिली गेली!

१९७२ मध्ये डेमोक्रॅटिक उमेदवार मॅकगव्हर्ननी तर हद्द केली. टेड केनेडींसह बऱ्याच जणांनी नकार दिल्यावर अधिवेशनातच घाईत थॉमस ईगलटन ठरले. नैराश्यासाठी त्यांना रुग्णालयात विजेचे उपचार घ्यावे लागले होते, हे नंतर बाहेर आलं. मॅकगव्हर्न म्हणाले, मी हजार टक्के त्यांच्या पाठीशी आहे. अठराव्या दिवशी ईगलटन बाहेर. आजारपण लपवावं लागावं असा तो काळ, त्यामुळे मला ईगलटनची कीवच येते; राग येतो तो न विचारता माणूस उभा करणाऱ्यांचा.

त्यानंतर १९७६ मध्ये जिमी कार्टरनी गाडी रुळावर आणली. आर्थिक कागदपत्रं तपासली, इच्छुकांना जॉर्जियातल्या प्लेन्स गावी बोलावून निवांत बोलले, आणि वॉल्टर मोंडेलना घेतलं. व्हाइट हाउसच्या वेस्ट विंगमध्ये, म्हणजे अध्यक्षांचं कार्यालय असलेल्या भागात, उपाध्यक्षाला कचेरी मिळाली ती पहिल्यांदा मोंडेलना. दर आठवड्याला दोघांचं जेवण, गुप्त कागद दोघांनाही खुले. आजची वकिलांची फौज, लांबलचक प्रश्नावली, करविवरणपत्रं हे सगळं त्याच वाटेने आलं. एकीकडे मुलाखती द्यायच्या आणि दुसरीकडे गुडघ्याला बाशिंग बांधून ‘मी शर्यतीत नाही’ म्हणायचं, ही कला मात्र त्याआधीचीच.

(आपल्या बेळगावात वाढलेले श्री ठाणेदार डेट्रॉइटचे खासदार आहेत. कितीही मोठे झाले तरी ते या यादीत येणार नाहीत. अध्यक्ष व्हायला जन्मतः नागरिक असावं लागतं आणि तीच अट उपाध्यक्षालाही आहे.)

१९८४ मध्ये मोंडेल स्वतः उमेदवार झाले. हे पद आतून इतकं नीट कुणाला ठाऊक नसेल. त्यांनीही इच्छुकांना मिनेसोटातल्या घरी बोलावलं. पण समोर विद्यमान अध्यक्ष रेगन होते आणि पिछाडी मोठी होती. त्यांनी न्यूयॉर्कमधल्या क्वीन्सच्या जेराल्डिन फेरारो निवडल्या, मोठ्या पक्षाच्या तिकिटावरची पहिली स्त्री. मला ती निवड तेव्हाही धाडसी वाटली असती, आजही वाटते. पण काही आठवड्यांतच नवऱ्याच्या व्यवसायाचे आणि करांचे प्रश्न निघाले, आणि फेरारोंना पत्रकारांसमोर तासन् तास उत्तरं देत बसावं लागलं. नोव्हेंबरमध्ये स्त्रियांचीही बहुसंख्य मतं रेगनना गेली. मोंडेलना मिळालं एकटं मिनेसोटा, आणि सोबत राजधानी वॉशिंग्टन.