सरडेमानवांना म्हणे माया नसते

‘दूरच्या ग्रहावरचे सरडेमानव : नासाने लपवलेलं सत्य’ हा फॉरवर्ड आमच्या काकांनी घरच्या ग्रुपवर टाकला. सोडून देणार होतो. पण रविवारी आठ वर्षांची भाची न्हाणीघरात जायलाच तयार होईना. भिंतीवर पाल होती, आणि पाली म्हणे त्यांच्या हेर! त्याच संध्याकाळी सोसायटीतल्या पोरांनी कुंपणावरचा सरडा दगडांनी ठेचला. आता बोलणं भाग आहे.

आधी फॉरवर्डमधला फोटो. तो हिरवा, तीन बोटांचा, बटाट्याएवढ्या डोळ्यांचा इसम म्हणजे पुतळा आहे. कॅनडात ओटावाच्या संग्रहालयातले जीवाश्मशास्त्रज्ञ डेल रसेल यांनी १९८२ मध्ये सहकारी रॉन सेगँ यांच्यासोबत तो केला. ६.६ कोटी वर्षांपूर्वी डायनोसॉरांचा संहार झाला नसता, तर स्टेनोनिकोसॉरस हा मोठ्या मेंदूचा छोटा डायनोसॉर पुढे कसा दिसला असता, एवढीच कल्पना. म्हणजे प्राणी इथलाच, तोही ‘असता तर’मधला. (फारच माणसासारखा झालाय, अशी टीका त्यावर झालीच.)

आता फॉरवर्डमधला खरा संताप आणणारा मुद्दा : ‘थंड रक्ताचे असल्याने त्यांना भावना नाहीत, आई अंडी टाकून निघून जाते, कुटुंब नसतं.’ हे वाक्य इंग्रजीतल्या ‘कोल्ड-ब्लडेड’वरून उचललंय ते लगेच कळतं. मराठीत खून थंड डोक्याने होतो, थंड रक्ताने नाही! आणि दुपारी ऊन खाणाऱ्या सरड्याचं रक्त तुमच्याआमच्याइतकं गरम असू शकतं. अजगराची मादी अंड्यांभोवती वेटोळं घालून अंग थरथरवते, अंड्यांना ऊब मिळावी म्हणून. चिपळूणच्या वाशिष्ठीत ज्या मगरी दिसतात, त्या जातीची मादी अंड्यातल्या पिल्लांची हाक ऐकून घरटं उकरते आणि पिल्लं जबड्यात धरून पाण्यात नेते. त्याच जबड्यात, ज्याने ती हाडं मोडते. मद्रास क्रोकोडाइल बँक या मगर-संवर्धन केंद्रात तर नरही हे काम करताना दिसलेत. चंबळेत घडियालाच्या पाठीवर पिल्लांची जत्रा भरलेली असते. ऑस्ट्रेलियात एका जाडशेपट्या सरड्याची तीच जोडी वर्षानुवर्षं दर वसंतात पुन्हा एकत्र येते.

गंमत म्हणजे खुद्द रसेलांनी आपल्या प्राण्याची कल्पना केली ती पिल्लांना पक्ष्यांसारखं ओकून भरवणारा, पाखरांसारखा बोलणारा अशी. ज्याचा फोटो चोरलात, त्याचं लिखाण तरी वाचायचं!

बरं, सगळंच खोटं नाही. वेळासच्या किनाऱ्यावर कासवीण अंडी पुरून जाते ती परत येत नाही, हे मान्य. ‘राणीच्या हुकुमाने उन्हातलं अंडं नर, सावलीतलं मादी’ असं फॉरवर्ड म्हणतो, यातही अर्धं तथ्य आहे : मगरीच्या अंड्यात साधारण ३२.५ अंशाला नर होतात, त्याहून थंडीत माद्या. पण कासवांत उलटं, उबेत माद्या. राणीच्या हुकुमाचा यात काही संबंध नाही.

सरडे जिभेने वास घेतात, हेही खरं. फॉरवर्ड म्हणतो तसा खोटं बोलणाऱ्याचा वास मात्र त्यांना येत नाही. येत असता तर हा फॉरवर्ड लिहिणाऱ्याच्या घरी रांग लागली असती.

राहिली हेर पाल. न्हाणीघराच्या दिव्याखाली किडे जमतात. तिचं लक्ष तिथल्या पतंगावर होतं, भाचीच्या आंघोळीवर नव्हतं.