पूर आला म्हणजे गोदावरी धुऊन निघाली, असं नव्हे

गंगापूर धरणातून विसर्ग सुटला आणि रामकुंडाजवळच्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या कमरेला पाणी लागलं, की नाशिकच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरू लागतो. आशय असा: पावसाचं पाणी मुळात शुद्ध, उरलीसुरली घाण पुरात वाहून जाते, सांडपाण्यासाठी मलनिस्सारण केंद्रं आहेत आणि महिन्याला पाणी तपासलं जातंच, तेव्हा पावसाळ्यात नदीची काळजी नको. जाणती माणसंही तो पुढे ढकलतात, याचं मला जास्त वाईट वाटतं.

पावसाचं पाणी शुद्ध असतं ते जमिनीला लागेपर्यंत. मुंबई नाक्याच्या किंवा सातपूरच्या रस्त्यावर उन्हाळाभर जे साचलेलं असतं, ते सगळं पहिली सर उचलते. झिजलेल्या टायरचा भुगा आणि त्यातलं जस्त, ब्रेकमधलं तांबं, गॅरेजपुढचं ऑइल, बाजारातला कुजका पाला, शेण, बांधकामावरची बारीक माती. मृगाच्या पहिल्या जोरदार पावसात नासर्डीच्या, म्हणजे शहरातून वाहत गोदावरीला मिळणाऱ्या छोट्या नदीच्या, पुलावरून दोरीने बादली सोडून दर पंधरा मिनिटांनी एक बाटली भरावी आणि बाटल्या कठड्यावर ओळीने मांडाव्यात. पहिल्या काळपट निघतात, वर तेलाचा रंगीत तवंग, बूच उघडलं की गटाराचा वास. मग पाणी तपकिरी होतं. पाऊस ओसरल्यावर भरलेली बाटली बरीच निवळ दिसते. सगळ्यात वाईट पाणी सुरुवातीलाच येऊन गेलेलं असतं.

पुराचा मुद्दा वरवर पटतो, पण त्यात दोन वेगळ्या पाण्यांची गल्लत आहे. विसर्गाचं पाणी त्र्यंबकच्या डोंगरांतलं. तिथे शहरापेक्षा कितीतरी जास्त पाऊस पडतो, तरी धरण भरत येईपर्यंत बहुतेक वर्षी जुलै-ऑगस्ट उजाडतो. शहराचे रस्ते धुऊन निघतात ते जूनमध्ये, आणि तेव्हा गोदावरीला प्रवाह जेमतेम असतो. म्हणजे वर्षातलं सर्वांत घाण पाणी नदी सर्वांत अशक्त असताना तिच्यात येतं. पूर येतो त्याच्या किती तरी नंतर.

आणि पुराने ‘वाहून गेलं’ म्हणजे कुठे गेलं? निफाड तालुक्यात, नांदूरमधमेश्वरला. महाराष्ट्रातलं ते पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा. धातू आणि फॉस्फरस बारीक गाळाच्या कणांना चिकटून प्रवास करतात आणि पाणी संथ झालं की गाळाबरोबर खाली बसतात. पाणवेलींना खत मिळतं ते यातूनही. आपल्या घाटावरून दिसेनासं झालं, एवढंच.

मलनिस्सारण केंद्रांचं थोडक्यात सांगतो. तपोवन, आगरटाकळी इथली केंद्रं सांडपाण्यासाठी आहेत. पावसाळी गटारांचं पाणी तिथे जातच नाही, ते कोणत्याही प्रक्रियेविना नाल्यात आणि नाल्यातून नदीत उतरतं. वर मुसळधार पावसात पाणी सांडपाण्याच्या वाहिनीतही घुसतं, चेंबर उसळतात आणि मैलाही त्याच लोंढ्यात मिसळतो.

राहिली महिन्याची तपासणी. ती चुकीची नाही, पण प्रश्न दुसराच आहे. अंघोळीच्या पाण्यासाठी विरघळलेला ऑक्सिजन लिटरला किमान ५ मिलिग्रॅम, बीओडी (पाण्यातली सेंद्रिय घाण कुजताना लागणारा ऑक्सिजन) जास्तीत जास्त ३ मिलिग्रॅम आणि मैलाजन्य जिवाणू १०० मिलिलिटरमध्ये ५०० पर्यंत, फार तर २५००, असा निकष आहे. महिन्यातून एकदा भरलेली बाटली त्या एका क्षणाचं उत्तर देते. नासर्डी किंवा वाघाडी नाल्याचा लोंढा काही तासांत चढतो आणि उतरतो. ठरलेली तारीख त्या तासांवर पडणं हा निव्वळ योगायोग.

लोंढा मोजायचा तर पाऊस सुरू होण्याआधी एक नमुना हवा, पाणी चढताना थोड्या-थोड्या वेळाने आणि उतरताना विरळ. प्रत्येक बाटलीबरोबर मोजपट्टीवरची पातळी लिहायची, कारण प्रवाह माहीत नसेल तर किती किलो घाण गेली ते कळत नाही. जिवाणूंची बाटली निर्जंतुक, बर्फात ठेवलेली, त्याच दिवशी प्रयोगशाळेत. नासर्डीवर जागा दोन: सातपूरच्या वरच्या अंगाला आणि टाकळीला ती गोदावरीला मिळते त्या संगमाआधी. दोन्हींतला फरक म्हणजे शहराचा वाटा.

अशी मोजणी काय दाखवते याचं उदाहरण अमेरिकेतल्या सिएटल परिसरात आहे. तिथल्या ओढ्यांत पाऊस पडला की कोहो सॅमन मासे अंडी घालण्याआधीच मरत, वर्षानुवर्षं. पावसात वाहून आलेल्या पाण्याचं बारकाईने विश्लेषण केल्यावर २०२० मध्ये कारण सापडलं: टायरच्या रबरात घालतात त्या एका रसायनापासून तयार होणारा विषारी पदार्थ. कोरड्या दिवसांच्या नमुन्यांत हे कळलं नसतं.

नाशिकला हे टाळून चालणार नाही, कारण इथलं सिंहस्थाचं स्नान पावसाळ्यातच येतं. २०१५ ची शाही स्नानं २९ ऑगस्ट, १३ आणि १८ सप्टेंबरला झाली. पुढची २०२७ मध्ये, पुन्हा पावसाळ्यातच. आनंदवलीपासून रामकुंडापर्यंत गोदावरीला मिळणाऱ्या प्रत्येक नाल्याच्या मुखाशी मोजपट्टी लावावी, पाऊस पडत असताना नमुने घ्यावेत आणि ते आकडे महिन्याच्या अहवालाशेजारीच, वेळेसकट, लोकांसमोर ठेवावेत.