तुला काय, आयतंच मिळालंय!

मे उजाडला की आमच्या जर्मनीतल्या ऑफिसात हे सुरू होतं. स्पेनच्या मायोर्का बेटावर आठवडाभर उन्हात भाजून आलेली सहकारीण आपला हात माझ्या हाताला लावून बघते. "झाले की नाही तुझ्यासारखी? तुला काय, आयतंच मिळालंय!" खांद्यांची सालं निघतायत, उकडलेल्या बटाट्यासारखी. पट्ट्याखालची पांढरी रेघ तेवढी शाबूत.

आणि जाण्याआधी सोलारियममध्ये, म्हणजे कृत्रिम उन्हाच्या खाटेवर, झोपून रंगाचा 'बेस' करून घेतला होता म्हणे. भिंतीला प्रायमर मारावा तसा! अगं बाई, त्या बेसचं संरक्षण जेमतेम एसपीएफ ३-४ इतकं. आणि तो रंग चढतो तोच मुळी पेशींतल्या डीएनएला इजा झाल्यावर. कातडी बोंब मारतेय, आणि ही आरशात बघून खूश. २००९ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने या खाटांना तंबाखूच्या पंगतीत बसवलं, त्याच वर्षी जर्मनीने अठराच्या आतल्यांना तिथे बंदी केली. ऑस्ट्रेलियाने तर असली दुकानंच बंद केली. पण हिचं एकच पालुपद, "कसं निरोगी दिसतं ना!" निरोगी!

(सावळ्या कातडीलाही ऊन बाधतं, मीही सनस्क्रीन लावते. हे सांगितलं की ही खो खो हसते.)

संध्याकाळी व्हिडिओ कॉलवर मावशी. "किती काळवंडलीस गं! डाळीचं पीठ लावतेस की नाही?"

एकदा दोघींना एकाच कॉलवर घेणार आहे. बोला म्हणावं एकमेकींशी. मी कॅमेरा बंद करून चहा पिते.