‘आबांच्या डोळ्यात चौपट ऊर्जा का घातली?’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

दादा, तुमची प्रतिक्रिया परवा रात्री ओपीडी संपल्यावर वाचली. लगेच उत्तर लिहिलं नाही, कारण तुम्ही रागात लिहिलंय हे खरं असलं तरी त्यातले प्रश्न रास्त आहेत आणि दोन ओळींत वाटेला लावावेत असे नाहीत.

बाकीच्या वाचकांसाठी आधी थोडक्यात सांगते. दादांच्या वडिलांचं, आबांचं, मोतीबिंदूचं ऑपरेशन दोन महिन्यांपूर्वी फेको मशीनवर (अल्ट्रासाउंडनं मोतीबिंदू फोडून ओढून काढणारं मशीन) झालं. फाइलमध्ये सीडीई, म्हणजे ऑपरेशनात एकूण किती अल्ट्रासाउंडची ऊर्जा वापरली त्याचा हिशेब, म्हणून २४ आकडा लिहिलाय. शेजारच्या काकूंचं त्याच महिन्यात दुसरीकडे झालं, त्यांचा आकडा ६. काकूंना दुसऱ्या दिवशी लख्ख दिसलं, आबांना तीन आठवडे धुक्यातून बघितल्यासारखं, आणि सकाळी जास्तच. आता बरं दिसतंय, पण आबा म्हणतायत दुसरा डोळा करायचाच नाही. आणि मी मागच्या लेखात लिहिलं होतं की ‘अल्ट्रासाउंडची ऊर्जा जितकी कमी तितका डोळा सुरक्षित’. म्हणून दादा विचारतायत की मग आबांचा डोळा चौपट भाजला का, पेशंटला हा आकडा कुणी समजावून का सांगत नाही, आणि माझा लेख म्हणजे महाग मशीनची जाहिरात नाही कशावरून.

आधी माझ्या वाक्याचं. ते वाक्य चुकलं. ‘मोतीबिंदू सारख्याच कडकपणाचा असेल तर’ एवढे शब्द त्यात पाहिजे होते, मी ते घातले नाहीत आणि त्यामुळं तुमच्या घरात दोन महिने एक नको ती शंका बसली, त्याबद्दल मनापासून माफी मागते. मूळ लेखात दुरुस्ती केलीय.

आता ही ऊर्जा म्हणजे नेमकं काय. आपल्याकडं निम्मे लोक याला ‘लेझरचं ऑपरेशन’ म्हणतात, ते लेझर नव्हे. चार्ल्स केलमन नावाच्या अमेरिकन डॉक्टरांनी १९६७ साली हे आणलं, आणि त्यांना ते सुचलं दाताच्या डॉक्टरच्या खुर्चीत, दात साफ करायचं अल्ट्रासाउंडचं यंत्र बघून. पेनसारखं एक हँडपीस असतं, त्यात खास क्रिस्टल, त्याला वीज दिली की ते थरथरतं आणि पुढची टायटॅनियमची पोकळ सुई सेकंदाला साधारण ४० हजार वेळा मागंपुढं होते. ती मोतीबिंदूचा चुरा करते आणि त्याच सुईतून तो चुरा ओढला जातो. छेद फक्त सव्वादोन ते पावणेतीन मिलिमीटरचा.

इथं एक गोष्ट लोकांच्या (आणि नव्या डॉक्टरांच्यासुद्धा) डोक्यात उलटी बसलेली असते. पॉवर वाढवली म्हणजे सुई जास्त वेगानं थरथरते असं नाही. मिरजेला सतारमेकर गल्लीत कधी उभं राहून बघा, कारागीर तार हळू छेडतो तेव्हा आणि जोरात छेडतो तेव्हा सूर तोच असतो, तार फक्त जास्त रुंद हलते. तसंच हे. पॉवर ४० टक्के की ८० टक्के म्हणजे सुई किती लांब मागंपुढं होते एवढंच, आणि ते अंतर पूर्ण पॉवरलासुद्धा मिलिमीटरच्या दहाव्या भागाच्या आसपास.

आणि ही पॉवर सगळी पायात असते. पेडल पहिल्या टप्प्यावर दाबलं की डोळ्यात फक्त पाणी जातं, दुसऱ्यावर ओढ सुरू होते, तिसऱ्यावर अल्ट्रासाउंड, आणि तिसऱ्यात जितकं खोल दाबाल तितकी पॉवर. मोतीबिंदूचा तुकडा ओढीनं सुईच्या तोंडाशी येऊन घट्ट चिकटला की मशीनचा आवाज बदलतो, तो आवाज कानात भरला की मगच तिसऱ्या टप्प्यात जायचं. तुकडा अजून लांब आहे आणि तुम्ही पेडल दाबून बसलात तर ती ऊर्जा तुकड्याला न लागता पाण्यात जाते, म्हणजे डोळ्यात जाते. शिवाय सरळ मागंपुढं होणारी सुई तुकड्याला ढकलते पण, तो उडून परत लांब जातो, मग परत पेडल, परत पॉवर. म्हणून पल्स मोड आला. थोडा वेळ चालू, थोडा वेळ बंद, बंद असताना ओढ तुकड्याला परत तोंडाशी आणते आणि सुई गार होते. निम्मा वेळ चालू निम्मा बंद ठेवलं तर ४० टक्क्यांची सरासरी २० वर येते. बर्स्ट नावाच्या मोडमध्ये पॉवर ठरलेली असते आणि पाय दाबल्यावर दोन झटक्यांमधलं अंतर कमी होत जातं. टॉर्शनल मोडमध्ये सुई पुढंमागं न होता आडवी डोलते, सेकंदाला ३२ हजार वेळा, त्यामुळं ती तुकडा ढकलत नाही, कापते, आणि छेदापाशी उष्णताही कमी होते.

उष्णतेचं एक सांगते, आजपर्यंत कुठं लिहिलं नव्हतं. मी शिकत होते तेव्हाची गोष्ट. ऑपरेशनच्या सुरुवातीला डोळ्यात जेल भरतात, आतल्या पेशी वाचवायला. मी सुई आत घातली, जेल थोडं ओढून पाण्याला वाट करून द्यायला पाहिजे होती, ती केली नाही आणि सरळ तिसऱ्या टप्प्यावर गेले. सुईचं तोंड जेलनं बंद, पाणी वाहत नाही म्हणजे गार करणारं कुणी नाही. सुईभोवती दुधासारखं पांढरं दिसायला लागलं, मला वाटलं मोतीबिंदूच निघतोय छान. माझ्या सरांनी ‘पाय काढ’ म्हणून ओरडेपर्यंत दोन-तीन सेकंद गेली असतील. तेवढ्यात छेदाच्या कडा अंड्याच्या बलकाभोवतीचा पांढरा भाग शिजावा तशा झाल्या होत्या, कारण ६० अंशांच्या आसपास तिथलं कोलॅजन आकसतं. जी जखम टाक्याशिवाय मिटायची तिला टाके घालावे लागले आणि त्या काकांना मोठा तिरपा नंबर आला, जन्माचा. त्या वेळी स्क्रीनवरचा आकडा बघितला असता तर तो अगदी छोटा निघाला असता. दोन-तीन सेकंदांची ऊर्जा ती किती. पण चुकीच्या जागी, चुकीच्या वेळी.

मला जे म्हणायचंय ते एवढंच आहे दादा. ऊर्जा किती यापेक्षा ती कुठं लागली आणि त्या वेळी पाणी वाहत होतं का, तुकडा तोंडाशी होता का, सुई डोळ्यापुढच्या काचेपासून लांब होती का, याच्यावर डोळ्याचं काय होणार ते ठरतं. एकटा आकडा हे सांगत नाही.

आता २४ आणि ६. सीडीई म्हणजे वेळ गुणिले सरासरी पॉवर. ६० सेकंद, सरासरी ४० टक्के, म्हणजे २४. पण हाच एक मिनिट, हेच ४० टक्के आडव्या डोलणाऱ्या सुईनं वापरले तर मशीन त्याला आणखी ०.४ नं गुणतं, उष्णता कमी होते म्हणून, आणि आकडा येतो ९.६. दुसऱ्या कंपनीच्या मशीनचं गणित आणखी वेगळं. काकूंचं मशीन कुठलं, आबांचं कुठलं, हे माहीत नसताना दोन आकडे शेजारी ठेवणं म्हणजे एकाचं वजन किलोत आणि दुसऱ्याचं शेरात मोजून भांडणं.

आणि त्याहून मोठं कारण तुमच्याच प्रतिक्रियेत आहे. तुम्ही लिहिलंय की आबांना दीड-दोन वर्षं कमी दिसत होतं पण ‘ऊस तुटू दे, मग बघू’ करत दोन हंगाम गेले. माझ्या ओपीडीत दर दिवाळीनंतर हेच ऐकते. मोतीबिंदू मऊ असतो तेव्हा तो ओल्या हळदीसारखा असतो, नख लावलं तरी उमटतं. तोच राहू दिला की तपकिरी होतो आणि मग मार्केट यार्डात पोत्यातनं बाहेर काढलेल्या वाळक्या हळकुंडासारखा. हळकुंड फोडायला बत्त्याचे जास्त घाव लागणारच, त्यात बत्ता मारणाऱ्याचा दोष काय? १९९३ मध्ये नागाहारा या जपानी डॉक्टरांनी चॉपची पद्धत सांगितली, हुकानं मोतीबिंदू आधी फोडायचा आणि मग तुकडे ओढायचे, त्यानं ऊर्जा खूप वाचते, पण हळकुंड ते हळकुंडच. तपकिरी मोतीबिंदूत २४ आकडा बघून मी तरी कुणाला निष्काळजी म्हणणार नाही.

धुक्याचं आता. डोळ्यापुढची काच, कॉर्निया, तिच्या आतल्या बाजूला पेशींचा एकच पातळ थर असतो, तरुणपणी एका चौरस मिलिमीटरमध्ये अडीच-तीन हजार. काचेत शिरलेलं पाणी उपसून बाहेर टाकणं हे त्यांचं काम, आणि एकदा मेल्या की परत तयार होत नाहीत, शेजारच्या पसरून जागा भरून काढतात. काचेमागं जेमतेम ३ मिलिमीटरची जागा, त्यात ही सुई, उडणारे तुकडे, पाण्याचा लोट. कडक मोतीबिंदूत या पेशींना मार बसतोच, काही दिवस उपसा कमी पडतो आणि काच सुजते. रात्रभर पापण्या मिटलेल्या, पाणी हवेत उडून जायला वाव नाही, म्हणून सकाळी धुकं जास्त आणि दुपारपर्यंत कमी. तुम्ही ‘सकाळी जास्त’ लिहिलंत ना, त्यावरनं मला समजलं की ही सूजच असणार. ती तीन आठवड्यांत उतरली म्हणजे उरलेल्या पेशींनी काम सांभाळलं. पण आता किती उरल्यात हे बघायला पाहिजे, कारण ५०० च्या खाली गेल्या की काच कायमची सुजून राहू शकते.

जाहिरातीबद्दल बोलायचं तर मी शिबिरात कडक मोतीबिंदू बघितला की बऱ्याचदा फेको करतच नाही. एसआयसीएस करते, हातानं, सहा-सात मिलिमीटरचा बोगद्यासारखा छेद घेऊन अख्खा मोतीबिंदू बाहेर. त्यात अल्ट्रासाउंडची ऊर्जा शून्य. पुण्याच्या एच. व्ही. देसाई नेत्र रुग्णालयातल्या डॉक्टरांनी दोन्ही पद्धतींची तुलना करून २००५ मध्ये प्रसिद्ध केली होती, दोन्ही सुरक्षित ठरल्या, सहा आठवड्यांनी बिनचष्म्याचं दिसणं फेकोत जास्त जणांना चांगलं होतं. २००७ मध्ये नेपाळमधून डॉ. संदुक रुईत यांच्या टीमचाही असाच अभ्यास आला, तिथंही दोन्हीकडं नजर उत्तम आली. म्हणजे शून्य आकड्याचं ऑपरेशन चांगलं असू शकतं आणि २४ चंही. मात्र कुणी पेशंटला ‘आमच्या मशीनला ऊर्जा कमी लागते’ एवढ्यावर जास्त पैसे सांगत असेल तर ते मला पटत नाही, इथं मी तुमच्याच बाजूची आहे.

आणि आकडा समजावून सांगण्याचा मुद्दा शंभर टक्के मान्य. आम्ही फाइलमध्ये सीडीई लिहितो आणि वाटतं काम झालं. तुमचं वाचल्यावर माझ्या डिस्चार्ज कार्डावर दोन ओळी वाढवल्यात, मोतीबिंदू किती कडक होता आणि मशीन कुठल्या मोडवर चालवलं, मराठीत, आणि घरच्यांना ते वाचून दाखवायचं सिस्टरना सांगितलंय.

राहिला आबांचा दुसरा डोळा. त्यांना जबरदस्ती करू नका, पण आधी स्पेक्युलर मायक्रोस्कोपी करून घ्या दोन्ही डोळ्यांची. डोळ्याला काही टोचत नाहीत, फोटो काढल्यासारखं असतं, पेशी मोजून मिळतात. सांगली-मिरजेत होते ही तपासणी. ज्यांनी पहिलं ऑपरेशन केलं त्याच डॉक्टरांना तो रिपोर्ट दाखवा, त्यांना आबांच्या डोळ्याचा कडकपणा हातानं माहीत आहे, आणि फेको करायचं की एसआयसीएस हे त्यांना विचारा, ‘कमी ऊर्जेचं करा’ असं म्हणू नका. आणि यंदाचा ऊस तुटेपर्यंत थांबू नका. कारखाना सुरू व्हायच्या आत तारीख घ्या, शेतावर पंधरा दिवस दुसरं कुणीतरी बघेल.