तिसऱ्या क्रमांकाची धाकधूक

पात्रता स्पर्धेतला सर्वांत बिनमहत्त्वाचा सामना कोणता, असे कोणी मला विचारले तर मी बेलाशक ‘अंतिम सामना’ असे उत्तर देईन. जानेवारी २०२४मध्ये रांचीला पॅरिस ऑलिंपिकसाठी महिला हॉकीची पात्रता स्पर्धा झाली. आठ संघ होते आणि त्यांतल्या पहिल्या तिघांना पॅरिसचे तिकीट मिळणार होते. त्यामुळे अंतिम फेरीत पोचलेल्या जर्मनी आणि अमेरिका या दोन्ही संघांचे काम उपांत्य फेरीतच उरकले होते. वेळापत्रकात छापला आहे म्हणून खेळून टाकायचा, एवढेच त्या अंतिम सामन्याचे महत्त्व उरले होते. जर्मनीने तो २-० असा जिंकला, हे मी दुसऱ्या दिवशी वाचले. खरा अंतिम सामना होता तो तिसऱ्या क्रमांकाचा. एरवी ज्या सामन्याच्या वेळी प्रेक्षक पाय मोकळे करायला उठतात, त्या सामन्यात भारत आणि जपान समोरासमोर उभे होते आणि हरणाऱ्याला आपला ऑलिंपिकचा गाशा तिथेच गुंडाळायचा होता.

हॉकीच्या चाहत्यांचे दोन प्रकार असतात. विश्वचषक आणि ऑलिंपिक पाहणारे ते सुखवस्तू चाहते. त्यांना रंगीत पट्ट्या, राष्ट्रगीते, पदके आणि डोळे पुसण्याचे रीतसर प्रसंग मिळतात. दुसरा प्रकार पात्रता स्पर्धा पाहणाऱ्यांचा. यांना नियमपुस्तिका तोंडपाठ असते, गोलफरकाचे गणित झोपेतही सुटते आणि ज्या देशाशी आपले काडीचेही देणेघेणे नाही, त्याच्यासाठी देव पाण्यात ठेवायची सवय झालेली असते. भारतीय महिला संघावर जीव जडला की माणूस फार काळ पहिल्या प्रकारात राहू शकत नाही. मीही राहिले नाही.

या छळाची मांडणी समजून घेण्यासारखी आहे. ऑलिंपिकमध्ये महिला हॉकीला जागा बारा. त्यांतली एक यजमानांची, पाच निरनिराळ्या खंडांच्या विजेत्यांची आणि उरलेल्या सहांसाठी उरलेल्या जगाने आपसांत भांडायचे. पॅरिसच्या वेळी हे भांडण रांची आणि व्हॅलेन्सिया या दोन गावी तीन-तीन जागांसाठी झाले. आशियाची थेट जागा आशियाई क्रीडा स्पर्धेतल्या सुवर्णपदकाबरोबर मिळणार होती. हांगझोऊच्या त्या स्पर्धेत, म्हणजे २०२३मध्ये, चीनने उपांत्य सामन्यात आपल्याला ४-० असे हरवले आणि मग आपण जपानला २-१ असे नमवून कांस्यपदक मिळवले. घरात सगळे कांस्यपदकाचे कौतुक करत होते आणि मी मात्र ‘म्हणजे आता पात्रता स्पर्धा’ एवढेच म्हणून सोफ्यावर बसले. सासऱ्यांना ते मुळीच आवडले नाही. पदक मिळाल्यावर सुतकी चेहरा करणारी माणसे त्यांनी पूर्वी पाहिलेली नव्हती.

माझे सासरे जन्मभर क्रिकेट पाहत आलेले गृहस्थ. जिंकले की चषक उचलायचा आणि हरले की निवड समितीला नावे ठेवायची, इतका सरळ हिशोब त्यांना ठाऊक. रांचीच्या स्पर्धेच्या वेळी ते माझ्या शेजारी येऊन बसले आणि मोठ्या समंजसपणे म्हणाले, “अगं, ही स्पर्धा जिंकलो तर काय मिळतं?”

“पॅरिसला जायला मिळतं, बाबा.”

“म्हणजे पदक?”

“पदक नाही. पदकासाठी खेळायला मिळतं.”

“आणि हरलो तर?”

“तर जुलैमध्ये दुसऱ्यांचे सामने पाहायचे.”

त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. “म्हणजे एवढा आटापिटा नुसता आम्हाला खेळू द्या म्हणून?” असे ते म्हणाले आणि पुढची दहा मिनिटे गप्प राहिले. पात्रता स्पर्धेचे इतके नेमके वर्णन मी आजवर एकाही समालोचकाच्या तोंडून ऐकलेले नाही.

त्यातून गंमत अशी, की कितवा क्रमांक आल्यावर सुटका होते हे दर खेपेला बदलते. लंडन ऑलिंपिकसाठी फेब्रुवारी २०१२मध्ये दिल्लीत पात्रता स्पर्धा झाली तेव्हा फक्त पहिला क्रमांक चालणार होता. आपण अंतिम सामन्यात दक्षिण आफ्रिकेकडून ३-१ असे हरलो आणि दुसरा क्रमांक मिळवून घरी राहिलो. त्यानंतर रिओसाठी २०१५मध्ये अँटवर्पला जी स्पर्धा झाली तिचे नावच ‘वर्ल्ड लीग सेमीफायनल’ असे होते आणि त्या सेमीफायनल नावाच्या स्पर्धेला स्वतःची वेगळी सेमीफायनलही होती. हे सासऱ्यांना समजावून सांगण्याचा नाद मी सोडून दिला आहे. त्या स्पर्धेत आपण जपानला १-० असे हरवून पाचवे आलो. दिल्लीत दुसरा क्रमांक कुचकामी ठरला होता. अँटवर्पचा पाचवा मात्र कदाचित चालणार होता. कदाचित म्हणजे, निरनिराळ्या खंडांच्या विजेत्या संघांनी आपापली जागा आधीच दुसऱ्या मार्गाने मिळवलेली असेल, तर त्या रिकाम्या होणाऱ्या जागेवर आपण सरकणार होतो. प्रतीक्षायादीतले रेल्वेचे तिकीट हातात असावे, गाडी महिन्याभराने सुटणार असावी आणि वरच्या प्रवाशांपैकी कोणाचे लग्नकार्य लांबले तर आपल्याला बर्थ मिळेल, असा तो प्रकार होता.

ऑगस्टमध्ये युरोपीय अजिंक्यपद स्पर्धा होती. तिच्या अंतिम सामन्यात इंग्लंड आणि नेदरलँड्स या दोघींनी पोचावे अशी माझी इच्छा होती, कारण रिओची जागा दोघींकडेही आधीच होती. ज्यांना ‘चले जाव’ म्हणण्यात आमच्या मागच्या पिढ्यांची उमेद गेली, त्या इंग्रजांच्या विजयासाठी मी घरात येरझाऱ्या घालत होते. इंग्लंड अंतिम फेरीत पोचले, नेदरलँड्सही पोचले, आणि १९८०च्या मॉस्कोनंतर छत्तीस वर्षांनी भारतीय महिला संघ ऑलिंपिकला जाणार हे ठरले. ते ठरले त्या क्षणी भारताची एकही खेळाडू मैदानावर नव्हती, कोणी गोल केला नव्हता, शिट्टी वाजली नव्हती. आनंद नेमका कोणत्या सेकंदाला साजरा करावा हेच कळत नव्हते, आणि शेजाऱ्यांना पेढे देताना ‘इंग्लंड जिंकले’ असे कारण सांगणे मला बरे दिसेना.

इंग्रजांची ही ताबेदारी पुढेही संपली नाही. टोकियो ऑलिंपिकमध्ये गटातला शेवटचा सामना आपण दक्षिण आफ्रिकेविरुद्ध ४-३ असा जिंकला, वंदना कटारियाने तीन गोल केले, आणि तरीही उपांत्यपूर्व फेरीसाठी आयर्लंड जिंकू नये म्हणून ग्रेट ब्रिटनच्या तोंडाकडे पाहत बसावे लागले. ब्रिटनने आयर्लंडला २-० असे हरवून उपकार केले आणि पुढे कांस्यपदकाच्या सामन्यात आपल्याला ४-३ असे हरवून ते वसूलही केले.

त्याच टोकियोचे तिकीट ज्या पद्धतीने मिळाले ती पद्धत मात्र हृदयविकार असलेल्यांनी पाहू नये अशी होती. भुवनेश्वरला, नोव्हेंबर २०१९मध्ये, अमेरिकेबरोबर लागोपाठच्या दोन दिवशी दोन सामने आणि दोन्हींच्या गोलांची बेरीज. पहिल्या दिवशी आपण ५-१ असे जिंकलो. चार गोलांची आघाडी घेऊन झोपणे म्हणजे काय सुख असते, हे पात्रता स्पर्धेच्या चाहत्याला क्वचितच कळते; मला ते त्या एका रात्री कळले. दुसऱ्या दिवशी मध्यंतराला अमेरिकेचे चार गोल झालेले होते आणि आपला एकही नव्हता. बेरीज पाच-पाच. आदल्या दिवशी पाच गोल करणाऱ्या त्याच मुली, तेच कलिंगा स्टेडियम, तोच निळा टर्फ. अशा वेळी चाहत्याचे मन विचित्र मार्गाने चालते. मला भारताच्या बचावाचा राग येण्याऐवजी कालच्या स्वतःच्या झोपेचा राग आला. अखेर ४८व्या मिनिटाला राणी रामपालने गोल केला आणि सामना ४-१ असा हरूनही आपण ६-५ अशा बेरजेने पात्र ठरलो. सासऱ्यांनी फक्त शेवटची पाच मिनिटे पाहिली होती. फलकावर हार आणि मैदानावर नाचणाऱ्या भारतीय मुली पाहून त्यांनी दूरदर्शन संच बिघडला असावा असा निष्कर्ष काढला.

पुन्हा रांचीकडे वळते, कारण तिथला उपांत्य सामना अजून माझ्या अंगावर येतो. पहिल्याच सामन्यात अमेरिकेने १-० असे हरवून भुवनेश्वरचे उट्टे काढले होते; मग न्यूझीलंड आणि इटलीला हरवून आपण सावरलो आणि जर्मनीसमोर उभे राहिलो. सामना संपायला तीन मिनिटे उरलेली असताना जर्मनीने २-१ अशी आघाडी घेतली आणि ५९व्या मिनिटाला इशिका चौधरीने बरोबरी केली. घरात कोणी जागचे हलायचे नाही, असा हुकूम मी काढला. धाकटा मुलगा त्या वेळी नेमका दारात उभा होता; त्याला पुढचा सगळा वेळ तिथेच, एक पाय उंबऱ्याच्या आत आणि एक बाहेर, असा काढावा लागला.

मग शूटआउट. तेवीस मीटरच्या रेषेवरून एकटी खेळाडू चेंडू घेऊन निघते, समोरून गोलरक्षक पुढे धावून येते, आणि आठ सेकंदांत काय तो निकाल लागतो. हॉकीतला हा सर्वांत देखणा आणि सर्वांत निर्दय प्रकार. ज्या अॅपवर मी तो पाहत होते, त्याला मात्र आठ सेकंद परवडणारे नव्हते. खेळाडू निघाली, आपली गोलरक्षक सविता पुनिया पुढे सरसावली, आणि चित्र थिजून त्यावर एक छोटे वर्तुळ फिरू लागले. सविताचा एक पाय हवेत, चेंडू तिच्या पॅडपासून वीतभर अंतरावर, आणि वर्तुळ आपले फिरते आहे. तेवढ्यात वरच्या मजल्यावरून ‘अरेरे’ असा आवाज आला. तो ‘अरेरे’ जर्मनीचा गोल झाल्याचा, आपला हुकल्याचा, की त्यांच्या मालिकेतल्या सुनेवर आलेल्या नव्या संकटाचा, हे ठरवण्याचा कोणताही मार्ग उपलब्ध नव्हता. चित्र पुन्हा हलले तेव्हा दुसरीच खेळाडू चेंडू घेऊन उभी होती. पाच-पाच प्रयत्न संपून निकाल सडन डेथवर, म्हणजे एकेका प्रयत्नात जो चुकेल तो हरेल अशा टप्प्यावर, गेला आणि आपण तो ३-४ असा गमावला, हे मला अखेर सासऱ्यांकडून कळले. त्यांना ते त्यांच्या मित्राने फोनवर सांगितले होते.

“मग आता संपलं ना?” त्यांनी जपून विचारले.

“नाही बाबा. उद्या तिसऱ्या क्रमांकाचा सामना आहे.”

“हरल्यावरसुद्धा संपत नाही?” त्यांच्या स्वरात पहिल्यांदाच माझ्याविषयी कणव होती.

जपानने सहाव्या मिनिटाला पेनल्टी कॉर्नरवर, म्हणजे बचाव करणाऱ्यांच्या चुकीबद्दल मिळणाऱ्या संधीवर, गोल केला. सामना साठ मिनिटांचा असतो, म्हणजे उरलेली चोपन्न मिनिटे आशा करण्यासाठी मोकळी होती. पेनल्टी कॉर्नर हे आशेचे मोठे वाईट साधन आहे. मुखवटे चढवायचे, गोलरेषेमागे बचावासाठी पाच जणींनी ओणवे व्हायचे, वर्तुळाच्या टोकाशी आपल्या मुलींनी डोकी एकत्र करून कुजबुजायचे. या सगळ्या तयारीत पाहणाऱ्याला गोल झालाच आहे असे वाटू लागते. मग चेंडू आत येतो, अडवला जातो, फटका बसतो, आणि कोणाच्या तरी काठीला, पायाला किंवा पॅडला लागून तो भलतीकडे जातो. पुन्हा कॉर्नर, पुन्हा मुखवटे, पुन्हा कुजबुज. भारताला त्या दिवशी कॉर्नरांची कमतरता नव्हती. गोल मात्र एकही झाला नाही. सामना १-० असाच राहिला, जपान पॅरिसला गेले, आणि टोकियोत चौथा आलेला आपला संघ आपल्याच देशात भरलेल्या पात्रता स्पर्धेत, पुन्हा चौथाच येऊन, बाहेर राहिला. खरे सांगायचे तर चौथा क्रमांक इतका वाईट कधी असतो हे मला तोवर ठाऊक नव्हते, कारण टोकियोच्या चौथ्या क्रमांकावर आम्ही सगळे अभिमानाने रडलो होतो.

जुलैमध्ये दुसऱ्यांचे सामने पाहिले. नेदरलँड्सच्या मुली फार सुंदर खेळतात. त्याबद्दल माझी काही तक्रार नाही.

पुढे विश्वचषकाचीही तीच कथा. सप्टेंबर २०२५मध्ये आशिया चषकाच्या अंतिम सामन्यात, त्याच हांगझोऊला, त्याच चीनने आपल्याला ४-१ असे हरवले, थेट जागा त्यांना गेली आणि आपल्या वाट्याला पुन्हा पात्रता स्पर्धा आली. या वेळी मार्च २०२६मध्ये हैदराबादला. नियमावली हाती पडताच मी कागद-पेन्सिल घेऊन बसले. पात्रता स्पर्धा दोन, प्रत्येकीतल्या पहिल्या तिघांना नेदरलँड्स आणि बेल्जियममधल्या विश्वचषकाचे दार उघडे, म्हणजे झाल्या सहा जागा. सातवी जागा दोन्ही स्पर्धांतल्या चौथ्या संघांपैकी जागतिक क्रमवारीत जो वर असेल त्याची.

सासऱ्यांनी माझ्या खांद्यावरून तो कागद वाचला. गेल्या काही वर्षांत ते बरेच शिकले आहेत. त्यांनी मला हरलो तर काय, असे विचारले नाही, चष्मा वर सरकवून ते एवढेच म्हणाले, “म्हणजे या वेळी चौथा आला तरी चालेल. दुसरीकडचा चौथा कोण येतोय, त्याच्यासाठी देव कधी पाण्यात ठेवायचे तेवढं सांग.”