टिचबटणांचा रेनकोट

पम्या 1800 रुपयांचा पारदर्शक रेनकोट घालून कट्ट्यावर आला आणि भांडणाला तोंड फुटलं. लेकीने हट्टाने घ्यायला लावला म्हणे. दुकानात त्याला 'रेट्रो' अशी चिठ्ठी लावलेली.

"अरे, हा तर माझा चौथीतला!" मास्तर उठून उभेच राहिले. कॉलर चाचपली, टिचबटणं दाबून पाहिली, वास घेतला. "वास नाही पण. वासाशिवाय कसला रेनकोट?"

तो वास डोंबिवलीत लहानाचा मोठा झालेल्या आमच्यातल्या प्रत्येकाच्या नाकात आहे. जूनमध्ये शाळा उघडायच्या आदल्या रविवारी माळ्यावरून गठ्ठा खाली यायचा. घडीतलं प्लॅस्टिक एकमेकांना चिकटलेलं, ते सोडवताना चर्र आवाज यायचा. गेल्या वर्षी आईने बॉलपेनने कॉलरवर लिहिलेलं नाव पसरून निळा ढग झालेला असायचा. पाठीला दप्तरासाठी चुण्या घालून केलेलं कुबड. त्यामुळे पाऊस लागला की अख्खी शाळा उंटांच्या तांड्यासारखी रस्त्याने चालायची. मास्तर यावर तासभर बोलू शकतात. बोललेही असते.

"पुरे हो," डॉक्टरने अडवलं. ती आमच्याच बॅचची, पण कट्ट्यावर तिला नावाने कुणी हाक मारत नाही. "तो रेनकोट म्हणजे शिक्षा होती. बाहेरून पाऊस, आतून घाम. शाळेत पोचेपर्यंत दोन्ही बाजूंनी ओली. वर्गाबाहेर खिळ्यांना पन्नास रेनकोट लटकायचे, त्यांचं पाणी व्हरांड्यात, आणि मधल्या सुट्टीत त्यावरून कुणीतरी घसरायचंच. मावशीची ती पंख्यासारखी घडी होणारी प्लॅस्टिकची टोपी आठवते? हनुवटीखाली नाडी बांधायची. केस कोरडे, बाकी सगळी चिंब. नेमकं कशासाठी गहिवरताय तुम्ही लोक?"

"टिकायचा, म्हणून!" मास्तर. "मी वापरला, मग धाकट्याने. हल्लीचा दुसऱ्या पावसाळ्यात गळायला लागतो."

"टिकायचा कसला? काखेत फाटायचा. माझ्या बाबांनी दुधाच्या पिशवीचं ठिगळ लावलं होतं, उलथनं तापवून. पहिल्याच पावसात ठिगळ गटारात."

इथे केमिकल जागा झाला. एमआयडीसीत पीव्हीसीच्या कारखान्यात उभी हयात काढलेला माणूस. एरवी क्रिकेटशिवाय तोंड उघडत नाही. "ते चिकटणारच नव्हतं. दुधाची पिशवी पॉलिथिनची, रेनकोट पीव्हीसीचा. दोघं वितळतील, पण एकमेकांत मिसळणार नाहीत. जुन्या फाटक्या रेनकोटचाच तुकडा लावायला हवा होता."

"हे तेव्हा का नाही सांगितलंस?"

"तेव्हा मी सातवीत होतो."

मग त्याने सगळंच उलगडलं. पीव्हीसी मुळात कडक, नळाच्या पाइपासारखं. त्यात तेलासारखं एक द्रव्य मिसळलं की ते मऊ पडतं. गुडरिच कंपनीत वॉल्डो सेमन या रसायनशास्त्रज्ञाला 1926 साली हा शोध लागला आणि प्लॅस्टिकच्या रेनकोटाचा रस्ता मोकळा झाला. पण ते द्रव्य तिथे नुसतं मुरलेलं असतं, बांधलेलं नसतं. ते हळूहळू बाहेर झिरपतं. म्हणून घड्या चिकटतात, म्हणून जुना रेनकोट कडक होऊन घडीवर तडकतो, म्हणून बॉलपेनची शाई पसरते. मास्तर ज्याच्यासाठी हळवे झाले होते त्या वासातही या द्रव्याचा वाटा. "त्याच जातीतल्या काही द्रव्यांवर युरोपने 2005 साली लहान मुलांच्या खेळण्यांत बंदी घातली," केमिकल म्हणाला. मास्तरांनी रेनकोटची कॉलर सोडली.

"पण," केमिकलने बोट वर केलं, "एका गोष्टीत जुना रेनकोट आजच्यापेक्षा चांगला होता. शिवण."

त्याने पम्याची बाही उलटी केली. आत बारीक पांढरा दोरा, त्यावर पट्टी चिकटवलेली, आणि पट्टीचं टोक आत्ताच सुटायला लागलेलं. जुने रेनकोट शिवलेले नसायचे. दोन कडा एकावर एक ठेवून यंत्राने दाबायच्या, प्लॅस्टिक तापून आपसात जुळायचं. जोडावर सुईचं भोकच नाही, मग पाणी शिरणार कुठून? नायलॉनचा कोट शिवावाच लागतो. इंचागणिक सुईची भोकं पडतात, ती झाकायला आतून पट्टी लावतात, आणि पट्टी निघाली की खांद्यातून धार. हे दुखणं पार जुनं आहे. ग्लासगोच्या चार्ल्स मॅकिंटॉशने 1823 साली दोन कापडांच्या मध्ये रबर घालून जलरोधक कापड काढलं, तेव्हाही शिंप्यांनी शिवताना पाडलेल्या भोकांतून पाणी यायचंच.

"म्हणजे माझा रेट्रो नाही?" पम्या.

"दिसायला आहे."

मला हे पटलं. रेनकोट अंगाला छळायचा, पण जे काम अंगावर घेतलं होतं ते करायचा. माझं एवढंच मत मी मांडलं आणि दोन्ही बाजूंनी शिव्या खाल्ल्या. मास्तरांनी मग डकबॅक काढलं. 1920 साली सुरेंद्रमोहन बोस यांनी कलकत्त्यात सुरू केलेली स्वदेशी कंपनी, रबर चढवलेलं कापड, अंगात घातल्यावर माणूस बँक मॅनेजर दिसायचा वगैरे. वर्गात तो एकाकडेच होता आणि तो मास्तरांच्या शेजारी बसायचा. या मैत्रीचं कारण आम्हाला आजवर कळलेलं नाही.

इतका वेळ अण्णा गप्प होता. अण्णा संगमेश्वरकडचा, बारावीनंतर इकडे आला. "शिवणीवरून भांडायला तुमच्याकडे रेनकोट तरी होता," तो म्हणाला. "आम्ही गोणपाटाचा एक कोपरा दुसऱ्यात खुपसायचो, झाली खोळ. ती भिजली की पोरापेक्षा जड. आणि दप्तर? पुस्तकं शाळेतच ठेवायचो. पावसाळ्यात गृहपाठ नाही, हा एक फायदा."

"आणि इरलं?" मी विचारलं.

"ते लावणीला. बांबूच्या कामट्या, मध्ये पानं भरलेली, डोक्यापासून कमरेखालपर्यंत पाठ झाकली जायची. पुढून उघडं. ओणवं होऊन रोपं लावायची तर पाऊस पाठीवरच येणार, पुढे झाकून करायचंय काय? दोन्ही हात मोकळे, आणि वारा खेळता. तुझा तो घाम-बिम काही नाही, डॉक्टर. पुढे पानांच्या जागी प्लॅस्टिकचा कागद आला. हलकं झालं, पण दुपारी पाठ भाजायची."

डॉक्टरला तिच्या बाजूचा साक्षीदार मिळाला, म्हणून ती खूश. मास्तर म्हणाले, इरलं घालून लोकलच्या दारातून आत शिरून दाखव. हा मुद्दा बिनतोड होता. निदान डोंबिवली स्टेशनपुरता.

पम्याने विषय पायांवर नेला. त्याला प्लॅस्टिकच्या सँडकची आठवण झाली, टाचेला चावणाऱ्या आणि चिखलात पचक-पचक वाजणाऱ्या. हल्ली बुटांवर चढवायचे सिलिकॉनचे मोजे मिळतात, तेही घेणार म्हणाला. डॉक्टर एकदम गंभीर झाली.

"सँडकचं कौतुक सांगू नका. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 944 मिलिमीटर पाऊस झाला, तो सगळ्यांना आठवतो. त्यानंतर लेप्टो तापाचे रुग्ण आले, ते कुणाला आठवत नाहीत. उंदराच्या लघवीतले जंतू साचलेल्या पाण्यातून कापलेल्या, सोललेल्या कातडीतून आत जातात. चावलेली टाच आणि उघडी चप्पल, आणखी काय हवं त्यांना? त्यापेक्षा गमबूट घाला. अण्णा, तू जुलैत गावाला लावणीला जाणार ना? टाच दाखव."

अण्णाने टाच दाखवली. भेगा होत्या.

"गमबूट घालूनच उतरायचं."

"अगं, गुडघाभर चिखलात गमबूट? पाय उचलला की बूट आतच राहतो आणि पाय बाहेर येतो. आणि वरून पाणी शिरलं की बादलीच झाली."

"मग जायच्या आधी दवाखान्यात ये, गोळ्या लिहून देते. आणि भेगांवर पट्टी."

"तुझी पट्टी सुटणार नाही ना?" अण्णाने पम्याच्या बाहीकडे बघत विचारलं.